फोर-बाय-फोरच्या खालून येणारी धपधप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी सेकंडहँड फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या आवाजाबद्दल एवढे प्रश्न आलेत की सगळी जागा त्यांनाच देतोय. सगळ्यांच्या पत्रात एकच गोष्ट दिसते, आवाज आला की लगेच "कुठला पार्ट बदलू" असं विचारलंय. थोडं थांबा, आधी तो आवाज कशाबरोबर बदलतो ते बघा, स्पीडबरोबर, ॲक्सिलरेटरबरोबर की स्टिअरिंगबरोबर. एवढं नीट कळलं तरी अर्ध्याहून जास्त पार्ट संशयातून सुटतात, आणि तेही एक नट न खोलता.

प्रश्न : जुनी डिझेल फोर-बाय-फोर घेतली आहे, मॅन्युअल गिअर, पार्ट-टाइम सिस्टिम (चारही चाकांची ताकद गरजेपुरती लावायची), मागे पाटे. टू-एचमधेच (फक्त मागच्या चाकांना ताकद) चालवतो. २० ते ४० च्या स्पीडला खालून धप धप धप असा आवाज येतो, स्पीड वाढला की पटापट येतो आणि ६० च्या पुढे नुसती थरथर राहते. शिवाय गाडी उचलताना आणि पाय काढून परत ॲक्सिलरेटर दाबला की ठक्क असा एकच ठोका बसतो. एका गॅरेजमधे सांगितलं डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) खोला, दुसऱ्या गॅरेजमधे सांगितलं ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) गेली. कुणाचं ऐकू?

सध्या दोघांचंही नको. तुमच्या गाडीला एक नाही, दोन वेगळे आजार दिसतायत आणि ते एकत्र धरले म्हणूनच दोन गॅरेजची दोन मतं झाली. चालताना तालात येणारी धपधप वेगळी आणि गाडी उचलतानाचा एकच ठोका वेगळा. दोन्हीची कारणं बहुतेक वेळा वेगवेगळ्या जागी सापडतात.

आधी धपधप घेऊ. ही मोजायची असते. तुमच्या टाइपच्या गाडीला साधारण २३५/७० आर १६ साइजचा टायर धरला तर त्याचा घेर २.३ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे २० च्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण अडीच वेळा फिरतं. मागचा प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारी फिरती नळी) मात्र चाकापेक्षा कितीतरी जोरात फिरतो, क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) रेशो ४.१ असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे चार फेरे होतात, म्हणजे त्याच २० च्या स्पीडला सेकंदाला दहाच्या आसपास. आता तुम्हीच बघा, सेकंदाला दोन-अडीच ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात, मोजता येतात, पण दहा ठोके मोजता येत नाहीत, त्यांची घरघर किंवा थरथर होते. तुम्ही "धप धप धप" लिहिलंय म्हणजे ठोका चाकाच्या फेऱ्याबरोबर येतोय असा माझा अंदाज आहे. तो पक्का करायचा तर मोकळ्या मैदानात चाकाच्या बाजूला खडूची एक ठळक रेघ मारा, दुसऱ्या कुणालातरी गाडी अगदी माणसाच्या चालीने चालवायला सांगा आणि बाजूने चालत रेघ खाली येते तेव्हाच ठोका येतो का ते बघा. चारही चाकांना असं करा. एका फेऱ्याला एकच ठोका असेल तर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे कोनात फिरणारे जोड) या तपासातून बाहेर.

मग चाकाच्या फेऱ्याला एकदाच ठोका देणारं काय असतं? सगळ्यात आधी टायर. सेकंडहँड गाडी बरेच महिने एका जागी उभी असेल तर टायर खालून चपटे बसतात, ते थोडं अंतर चालवून गरम झाले की धपधप कमी होते. पण टायरच्या आतल्या पट्ट्याचा थर सुटला असेल तर ती कमी होत नाही, उलट वाढत जाते, आणि हा टायर कधीही फुटू शकतो म्हणून त्याची चालढकल नको. गाडी थंड असताना तळहात ट्रेडवरून हळू फिरवा, एखाद्या जागी फुगवटा किंवा ट्रेडची सरळ जाणारी खाच मधेच वाकडी झालेली सापडली की तो टायर लगेच काढा. बाहेरून काहीच दिसत नसेल तर स्टेपनी त्याच साइजची आहे ना ते बघून एकेका चाकाच्या जागी लावा आणि तेवढ्याच रस्त्यावर तेवढ्याच स्पीडला फिरवा. ज्या चाकाला काढल्यावर धपधप गेली ते चाक दोषी. याच वेळी चाकांचे नट पण टाइट आहेत का बघून घ्या, नट ढिले असले तरी असाच ठोका येतो आणि ते तर टायरपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

टायर सगळे चांगले निघाले तर मग डिफरन्शियलकडे या. सरळ रस्त्यावर क्राउन चाकाच्याच स्पीडने फिरतो, त्यामुळे क्राउनचा एखादा दात तुटला असेल तर तोही फेऱ्याला एकच ठोका देतो. ओळखायचं असं, की टायरचा ठोका ॲक्सिलरेटर दाबला काय, सोडला काय, सारखाच असतो, आणि दाताचा ठोका जोर दिला की वाढतो, पाय काढला की कमी होतो किंवा त्याचा सूरच बदलतो. शंका आली तर हाउसिंग खोलू नका, आधी ड्रेन प्लग काढून तेल स्वच्छ भांड्यात घ्या. प्लगच्या मॅग्नेटला राखाडी रंगाची मऊ पेस्ट चिकटलेली असतेच, ती नॉर्मल झीज आहे, बोटांत चोळली तर टोचत नाही. पण बोटाला लागेल असा कडक तुकडा, चकचकीत पापुद्रा किंवा दाताचा कोपरा सापडला तर पहिल्या गॅरेजचं म्हणणं बरोबर, आणि मग मात्र गाडी अजिबात चालवू नका, कारण तो तुकडा परत दातांत सापडला की पूर्ण क्राउन-पिनियन जातो.

आता दुसरा आजार, ठक्क. हा ठोका जोराची दिशा बदलली की येतो, म्हणजे इंजिनपासून चाकापर्यंतच्या साखळीत कुठेतरी प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, जास्त झालाय. प्रत्येक जोडाला थोडा प्ले असतोच, त्यामुळे थोडासा ठोका जुन्या गाडीत चालतो, पण तुमचा ऐकू येण्याइतका आहे म्हणजे एक जागा तरी सापडणारच. सपाट जमिनीवर चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडा, आणि खाली जाऊन प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून इकडून तिकडे पिळा. नियम सोपा आहे, जो भाग हलतोय आणि त्याच्या पुढचा जो हलत नाही त्या दोघांच्या मधे दोष. शाफ्ट हलतो पण डिफरन्शियलची फ्लेंज (शाफ्ट जिला जोडलेला असतो ती चकती) हलत नाही, मग मधला क्रॉस गेलाय. शाफ्ट आणि फ्लेंज दोन्ही एकत्र थोडे हलतात तर तो क्राउन-पिनियनचा आपला नेहमीचा प्ले, तो किती असावा हे गाडीच्या मॅन्युअलमधे दिलेलं असतं.

क्रॉसच्या कपांच्या कडेला बारीक गंजाची तांबूस पावडर दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून खाल्ल्या गेल्यात असं समजा, हाताला प्ले लागो न लागो. असा क्रॉस ठोका द्यायच्या आधी बरेचदा हळू स्पीडला चूं चूं करतो, काच खाली करून भिंतीशेजारून गाडी नेली की ऐकू येतं. शाफ्टच्या सरकत्या भागातले स्प्लाइन (एकमेकांत बसणारे लांब दात) पण बघा. तिथे ग्रीस निप्पल असेल तर ग्रीस मारा, ठक्क गेला आणि काही आठवड्यांनी परत आला तर स्प्लाइन झिजलेत, आणि परत आलाच नाही तर नुसतं ग्रीस संपलं होतं.

पाटे असलेल्या गाडीत एक जागा लोक हमखास विसरतात, ती म्हणजे ॲक्सलला पाट्याशी आवळून धरणारे यू-बोल्ट. ते ढिले झाले की ॲक्सल पाट्यावर थोडा पुढेमागे सरकतो आणि अगदी डिफरन्शियल गेल्यासारखा ठोका येतो. पाटा जिथे ॲक्सलवर बसतो त्या कडेला मातीचा थर फाटून ताजा चकाकणारा लोखंडी पट्टा दिसतोय का बघा, दिसला तर तिथे हालचाल होतेय. इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग पण अशीच, रबर फाटलं की गिअरबॉक्स उडी मारून क्रॉसमेंबरवर आपटतो. एकाला आत बसवून ब्रेक पक्का दाबून पहिला गिअर आणि मग रिव्हर्स टाकून क्लच जरासा सोडायला सांगा, तुम्ही बॉनेट उघडून बाजूला उभे राहून इंजिन किती उचललं जातंय ते बघा. गाडीच्या पुढे, मागे किंवा खाली असताना हे करायचं नाही.

आणि ट्रान्सफर केसचं दुसऱ्या गॅरेजने सांगितलेलं? आतली चेन लांबली तर जोर दिल्यावर दातांवरून उडी मारते, त्याचा आवाज खरोखर घणाचा घाव बसल्यासारखा असतो, पण बहुतेक पार्ट-टाइम गाड्यांत ही चेन पुढच्या चाकांना ताकद द्यायला असते, म्हणजे फोर-एच किंवा फोर-एलमधे (चारही चाकांना ताकद, नेहमीचा किंवा हळू गिअर) जोर लागला की तिचं दुखणं बाहेर येतं. तुमचा आवाज टू-एचमधे हलकं चालवतानाही येतोय, म्हणून माझ्या यादीत ती शेवटी. तेलाची लेव्हल मात्र आत्ताच बघा, सेकंडहँड गाडीत ट्रान्सफर केसचं तेल कुणी तपासलेलंच नसतं असं फार वेळा दिसतं.

प्रश्न : फोर-एच टाकून पार्किंगमधे फुल स्टिअरिंग मारलं की गाडी अडते आणि धप्प धप्प करत उड्या मारल्यासारखी जाते. सरळ जाताना काही नाही. काय मोडलंय?

गाडी पार्ट-टाइमवाली असेल तर बहुतेक काहीच मोडलेलं नाही, तुम्ही जिथे वापरू नये तिथे फोर-एच वापरताय. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त फिरावं लागतं. पार्ट-टाइम ट्रान्सफर केसमधे मधलं डिफरन्शियल नसतं, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि दोघांना सारखंच फिरावं लागतं. चिखलात, वाळूत, खडीवर टायर जरासे घसरून हा फरक काढून टाकतात, कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही, मग शाफ्ट आणि ॲक्सल पिळले जातात आणि ताण सहन होईना की एखादं चाक झटक्यात घसरतं. तीच तुमची धप्प.

खात्री करायची तर तोच टर्न टू-एचमधे घ्या, धप्प गेली पाहिजे. मग फोर-एच टाकून मोकळ्या मातीवर घ्या, तिथेही बरीच कमी झाली पाहिजे. पिळलेल्या अवस्थेत लिव्हर अडकला तर जोर लावून खेचू नका, स्टिअरिंग सरळ करून काही मीटर रिव्हर्स जा, ताण सुटला की लिव्हर आपोआप हलका होतो.

फुल-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर मात्र माझं उत्तर उलटं. तिच्यात मधलं डिफरन्शियल असतं म्हणून असं व्हायलाच नको, आधी सेंटर लॉक (मधलं डिफरन्शियल बंद करणारा) चुकून लागलेला नाही ना ते बघा, नसेल तर पुढच्या-मागच्या शाफ्टमधलं व्हिस्कस कपलिंग किंवा क्लच पॅक जाम झालाय का ते तपासावं लागेल. आणि अशा गाडीला चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच साइजचे आणि जवळपास सारखे झिजलेले लागतात. दोन नवे आणि दोन घासलेले अशी जोडी लावली तर सरळ रस्त्यावरही पुढचा-मागचा स्पीड वेगळा पडतो आणि कपलिंग सतत गरम होत राहतं. सेकंडहँड गाडीत हे पहिल्या दिवशीच बघायची गोष्ट आहे, विकणाऱ्याने विकायच्या आधी कधी कधी दोनच टायर नवे टाकलेले असतात.

प्रश्न : ठक्क येत होता म्हणून मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले. ठक्क गेला पण आता ५० नंतर सीटखाली गुरगुर आणि थरथर येते जी आधी नव्हती. मेकॅनिक म्हणतो क्रॉस चांगले आहेत, टायर बॅलन्स करा.

काम केल्यावर नवीन थरथर सुरू झाली तर आधी त्या कामाकडेच बघायचं, टायरकडे नंतर. माझा संशय शाफ्ट जुळवण्यावर आहे. साधा क्रॉस जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो, पुढच्या टोकाच्या जॉइंटने केलेला हा चढउतार मागच्या टोकाचा जॉइंट उलटा करून काढून टाकतो, पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन जवळपास सारखे हवेत. शाफ्ट सरकत्या जोडातून वेगळा काढला आणि परत घालताना एक-दोन दात फिरवून बसला की योक रेषेत राहत नाहीत आणि थरथर सुरू. खाली जाऊन दोन्ही टोकांचे योक नुसत्या डोळ्यांनी बघा, एकमेकांशी तिरपे दिसले तर तेच कारण. शाफ्टवर आणि योकवर बरेचदा कारखान्यातून आलेले बाण किंवा ठिपके असतात, ते समोरासमोर आणा. एका टोकाला डबल जॉइंट असलेल्या शाफ्टला कोनाचा नियम वेगळा लागतो, तिथे मॅन्युअलप्रमाणेच जा.

योक रेषेत असतील तर शाफ्टच्या नळीवर वेल्डिंग केलेली बॅलन्सची पट्टी पडलीय का बघा, पडलेल्या जागी स्वच्छ चौकोनी खूण दिसते. मागच्या मालकाने सस्पेन्शन उंच केलंय का तेही विचारा, कारण उंची वाढली की जॉइंटचे कोन वाढतात आणि नवा क्रॉस घालूनही थरथर जात नाही. यातलं काहीच नसेल तर शाफ्ट काढून बॅलन्सिंग मशीनवर न्या. आणि पुढच्या वेळी शाफ्टला हात लावायच्या आधी पेंटने खुणा करून घ्यायला मेकॅनिकला स्वतः सांगा, लाजू नका.

प्रश्न : मागचं डिफरन्शियल लिमिटेड-स्लिप (एकच चाक नुसतं फिरू न देणारं) आहे. तेल बदलल्यापासून हळू टर्न घेताना मागून डुगडुग-धप असं होतं. तेल तर चांगल्यातलं टाकलंय.

तेल चांगलं असेल पण योग्य नसेल. क्लचवाल्या लिमिटेड-स्लिपमधे प्लेट एकमेकींवर मऊ घसराव्यात म्हणून तेलात फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, तो नसला की प्लेट पकडतात-सोडतात, पकडतात-सोडतात आणि तुम्ही लिहिलंय तसाच आवाज येतो. मॅन्युअलमधे लिहिलेला ग्रेड बघून मॉडिफायर टाका किंवा लिमिटेड-स्लिपसाठीचंच तेल भरा, मग मोकळ्या जागेत हळू हळू आठच्या आकारात काही चकरा मारा म्हणजे ते प्लेटपर्यंत पोचेल. एवढ्याने गेलं नाही तर प्लेट झिजल्यात.

प्रश्न : दोष सापडेपर्यंत गाडी चालवू का? आणि आवाज पुढून की मागून हेच कळत नाही, केबिनमधे सगळीकडून येतो.

चालवायची की नाही हे आवाजाच्या मोठेपणावर ठरवू नका. टायरला फुगवटा, ढिले नट, हाताला प्ले लागणारा क्रॉस, तेलात धातूचा तुकडा, किंवा चालवून आल्यावर बाकीच्यांपेक्षा खूपच गरम लागणारा एखादा हब, यातलं एक जरी असेल तर गाडी जागेवर उभी करा. विशेषतः क्रॉस, कारण पुढच्या टोकाचा क्रॉस स्पीडमधे तुटला तर शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुतू शकतं आणि गाडी उलटण्यापर्यंत वेळ येते. फाटलेली माउंटिंग, कोरडे स्प्लाइन यांच्यावर हळू चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं.

पुढून की मागून हे केबिनमधे बसून कळत नाही ते बरोबर आहे, लॅडर फ्रेम आवाज लांबपर्यंत नेते आणि ड्रायव्हरच्या पायाखाली वाटणारा ठोका मागच्या ॲक्सलचा निघतो. म्हणून कानावर अवलंबून राहू नका, एकेक भाग बाजूला काढा. रस्ता सरळ आणि रिकामा असेल तेव्हा मॅन्युअल गाडी ज्या स्पीडला आवाज करते त्या स्पीडला आणून न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा नाहीतर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील. आवाज तसाच राहिला तर तो चाकं, बेअरिंग, टायर किंवा शाफ्टच्या बॅलन्सच्या बाजूचा, गेला किंवा बदलला तर जोर नेणाऱ्या भागांचा. मग हलकेच डावीकडे-उजवीकडे झोके द्या, डावीकडे वळताना आवाज वाढला तर वजन उजव्या चाकांवर आलेलं असतं, म्हणून उजवीकडचं बेअरिंग आधी बघायचं. फुल लॉकवर टिकटिक-कटकट वाढत असेल तर पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला ताकद देणारा जोड), त्याचं रबरी बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल.

पार्ट-टाइम गाडीत आणखी एक खात्रीचा उपाय आहे, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट दोन्हीकडून बोल्ट काढून उतरवा आणि टू-एचमधे एक चक्कर मारा. आवाज गेला तर तो पुढचा शाफ्ट किंवा त्याला फिरवणारे हब, राहिला तर पुढचा शाफ्ट निर्दोष. मॅन्युअल लॉकिंग हब (पुढची चाकं ॲक्सलला हाताने जोडायचे-सोडायचे) असतील तर दोन्ही एकाच स्थितीत आहेत का हे त्याआधी बघा, एक लॉक आणि एक फ्री राहिला तरी आवाज येतात. काही गाड्यांत पुढचा शाफ्ट ट्रान्सफर केसच्या आतच सरकून बसतो, तो काढला की तेल बाहेर येतं, अशा गाडीत हा प्रयोग नको.

चाक उचलून हाताने फिरवायचं असेल तर जॅकवर भरवसा ठेवू नका, ॲक्सलखाली स्टँड लावा आणि जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावा. काही फोर-बाय-फोरमधे हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो, मागचं एक चाक उचललं की तो ब्रेक गाडी धरत नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर गिअरमधे टाकून किंवा ऑटोमॅटिकला पार्कमधे टाकूनही गाडी थांबत नाही. आणि फुल-टाइम गाडीचा एकच ॲक्सल उचलून इंजिन चालू करून गिअर कधीच टाकू नका, जमिनीवर असलेली चाकं ओढतील आणि गाडी स्टँडवरून खाली येईल.